जेसी ओवेन्स : विजेत्याला मागचे दार

पददलित माणसाला एक उपदेश जन्मभर ऐकावा लागतो. तू तक्रार करू नकोस, कष्ट कर, अंगचे गुण दाखव, सर्वांच्या पुढे जा. मग जग आपोआप तुला मान देईल, असा तो उपदेश असतो. उपदेश करणारी माणसे पुष्कळदा चांगल्या मनाची असतात. त्यांच्या सांगण्यात निम्मे सत्यही असते, कारण कष्टाशिवाय कोणीच वर येत नाही. परंतु उरलेले निम्मे कितपत खरे आहे? हे तपासायचे असेल तर ज्याने हा उपदेश अक्षरशः पाळला आणि सर्व जगाच्या पुढे गेला, अशा माणसाचे चरित्र पाहिले पाहिजे. अमेरिकेचा कृष्णवर्णीय धावपटू जेसी ओवेन्स हा असा माणूस होता.

ओवेन्स यांचे नाव निघाले की आपल्याकडे एकच गोष्ट सांगितली जाते. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी चार सुवर्णपदके जिंकली, हिटलरचा गर्व उतरवला आणि हिटलरने रागाने त्यांच्याशी हस्तांदोलन केले नाही. गोष्ट इथेच संपते. ऐकणाऱ्याला समाधान वाटते, की दुष्ट हरला व गुणी जिंकला. परंतु ती पदके घेऊन हा माणूस आपल्या देशात परतला तेव्हा काय झाले, हे फारसे कोणी सांगत नाही. खरी गोष्ट तर तिथे सुरू होते.

कापसाच्या शेतातले बालपण

जेसीचा जन्म १२ सप्टेंबर १९१३ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातील ओकव्हिल या खेड्यात झाला. आईबापांच्या दहा मुलांतला तो सर्वांत धाकटा. आजोबांच्या पिढीने प्रत्यक्ष गुलामगिरी भोगलेली होती. १८६५ साली कायद्याने गुलामगिरी संपली, पण जमीन गोऱ्यांचीच राहिली. जेसीचे वडील हेन्री ओवेन्स हे गोऱ्या जमीनदाराच्या शेतात वाट्याने राबत. पीक निघाले की मालकाचा वाटा आणि दुकानाची उधारी फेडता फेडता घरात काही उरत नसे. सात वर्षांचा झाल्यावर जेसीही भावंडांबरोबर कापूस वेचू लागला. शाळा होती, पण ती काळ्या मुलांची वेगळी. आणि शेतात काम नसेल तेव्हाच तिकडे जायला मिळे.

मुलगा अशक्त होता. हिवाळ्यात त्याची छाती भरून येई व घरच्यांना तो वाचेल की नाही याची चिंता पडे. डॉक्टर परवडत नव्हता. एकदा छातीवर आलेली मोठी गाठ आई मेरी एमा हिने घरच्याच सुरीने कापून काढली, अशी आठवण त्यांनी पुढे सांगितली आहे. ज्या छातीच्या जोरावर पुढे जगाला मागे टाकले, ती छाती अशा रीतीने वाचलेली होती.

त्या काळी अलाबामात काळ्या माणसाला मतदानापासून दूर ठेवण्याची व्यवस्था १९०१ च्या राज्यघटनेनेच करून ठेवली होती. शाळा वेगळी, आगगाडीचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा. कायदाच भेद करीत होता. या जाचाला कंटाळून लाखो काळी कुटुंबे दक्षिण सोडून उत्तरेच्या औद्योगिक शहरांकडे निघाली. जेसी नऊ वर्षांच्या सुमाराचा असताना ओवेन्स कुटुंबही ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात आले. पुरुषांना पोलादाच्या कारखान्यांत काम मिळाले. आपल्या मुलांनी कापसाच्या शेतातच जन्म काढू नये ही आईची इच्छा होती.

नव्या शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी नाव विचारले. घरी त्याला जेम्स क्लीव्हलँड या नावाच्या आद्याक्षरांवरून जे. सी. म्हणत. मुलाने दक्षिणेकडच्या उच्चारात जे. सी. सांगितले, बाईंना जेसी ऐकू आले व त्यांनी तसेच हजेरीत लिहिले. मुलाने ती चूक दुरुस्त केली नाही. पुढे जगाने जे नाव डोक्यावर घेतले ते असे हजेरीच्या वहीतल्या चुकीतून आलेले आहे. शिक्षकासमोर आपले खरे नावसुद्धा ठामपणे सांगता न येणारी मुले कोठून येतात, हे वर्गावर उभे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

एक चांगला शिक्षक

फेअरमाउंट शाळेत चार्ल्स रायली नावाचे एक गोरे व्यायामशिक्षक होते. हा सडपातळ मुलगा किती वेगाने धावतो हे त्यांच्या नजरेस आले. शाळा सुटल्यावर सरावाला थांब, असे त्यांनी सांगितले. पण शाळा सुटल्यावर जेसीला काम असे. तो वाण्याचा माल घरोघर पोहोचवी, मालडबे भरी, चपला-बूट दुरुस्तीच्या दुकानात बसे. तेव्हा रायली यांनी मुलाला दोष दिला नाही, सरावाची वेळच बदलली. रोज सकाळी शाळा भरण्यापूर्वी गुरुशिष्य मैदानावर येऊ लागले. रायली त्याला आपल्या घरी जेवायला नेत. जमीन तापलेली आहे असे समजून पाय टेकवायचा व लगेच उचलायचा, ही त्यांची शिकवण. ओवेन्स यांच्या धावण्यात जो हलकेपणा सर्वांना दिसे, तो इथे घडला.

या रायली गुरुजींना मुद्दाम आठवले पाहिजे. वर्णद्वेष हा प्रत्येक गोऱ्या माणसाच्या रक्तात असतो असे नव्हे. तो व्यवस्थेत असतो. व्यवस्था ओलांडून माणसाकडे पाहणारे लोकही असतात, आणि अशा एका शिक्षकामुळे एका मुलाचे आयुष्य पालटते.

ईस्ट टेक्निकल हायस्कूलमध्ये असताना १९३३ साली शिकागोच्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत जेसीने १०० यार्डांची शर्यत ९.४ सेकंदांत जिंकून जागतिक उच्चांकाशी बरोबरी केली. त्याच स्पर्धेत २२० यार्डांची शर्यत व लांब उडीही त्यानेच जिंकली. शाळकरी वयातला हा पराक्रम पाहून अनेक विद्यापीठे त्याला बोलावू लागली. त्याने आपल्याच राज्यातील ओहायो स्टेट विद्यापीठ निवडले.

वसतिगृहाबाहेरचा विद्यार्थी

ओहायो स्टेट विद्यापीठाला ओवेन्स यांचे पाय हवे होते, पण त्या पायांना वसतिगृहात जागा नव्हती. कोलंबस शहरात इतर काळ्या विद्यार्थ्यांबरोबर भाड्याच्या घरात त्यांना राहावे लागले. खेळाची शिष्यवृत्ती नव्हती. राज्य विधिमंडळाच्या इमारतीत लिफ्ट चालवणे व इतर लहानमोठी कामे करून त्यांनी शिक्षणाचा व घरचा खर्च भागवला. १९३५ च्या जुलैत रूथ सॉलोमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संघाबरोबर परगावी गेल्यावर गोरे खेळाडू ज्या हॉटेलात उतरत तिथे काळ्यांना प्रवेश नसे. उपाहारगृहातून जेवण बाहेर आणून खायचे किंवा काळ्यांची वेगळी खाणावळ शोधायची. एकाच विद्यापीठाचा गणवेश, एकच विजय. पण ताट वेगळे व अंथरूण वेगळे.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हा प्रकार उत्तरेकडील, म्हणजे त्यातल्या त्यात मोकळ्या समजल्या जाणाऱ्या राज्यातला आहे. जन्मभूमी अलाबामात तर त्यांना राज्य विद्यापीठात प्रवेशच मिळाला नसता. तिथे पहिली काळी विद्यार्थिनी १९५६ साली गेली व दंगलीचे कारण सांगून तिला काही दिवसांतच काढून टाकण्यात आले. ते दार काळ्यांना खऱ्या अर्थाने उघडले १९६३ साली, तेही सैनिकांच्या बंदोबस्तात.

विद्यापीठात लॅरी स्नायडर हे प्रशिक्षक लाभले. २५ मे १९३५ रोजी मिशिगनमधील ॲन आर्बर येथे आंतरविद्यापीठ स्पर्धा होती. काही दिवसांपूर्वी जिन्यावरून पडून ओवेन्स यांची पाठ दुखावली होती. त्यांना उतरवावे की नाही असा प्रश्न होता. पहिली शर्यत धावून पाहतो, असे म्हणून ते उतरले. दुपारी सव्वातीनला १०० यार्डांत ९.४ सेकंद, म्हणजे जागतिक उच्चांकाची बरोबरी. त्यानंतर लांब उडी. चालू जागतिक उच्चांकाची खूण वाळूच्या कडेला ठेवायला सांगून त्यांनी एकच उडी मारली व ती खूण ओलांडली. उडी भरली २६ फूट सव्वाआठ इंच, म्हणजे ८.१३ मीटर. मग २२० यार्ड २०.३ सेकंदांत आणि चार वाजता २२० यार्ड अडथळ्यांची शर्यत २२.६ सेकंदांत. पाऊण तासात तीन नवे जागतिक उच्चांक आणि एकाची बरोबरी. लांब उडीचा उच्चांक तर १९६० पर्यंत, म्हणजे २५ वर्षे कोणाला मोडता आला नाही. क्रीडेच्या इतिहासात असा दुसरा पाऊण तास दाखवणे कठीण आहे.

यापेक्षा अधिक गुण कोणता दाखवायचा राहिला होता? परंतु त्या वर्षी अमेरिकेतील सर्वोत्तम हौशी खेळाडूला मिळणारे सलिव्हन पारितोषिक एका गोऱ्या गोल्फपटूला मिळाले. पुढल्या वर्षी, चार ऑलिंपिक सुवर्णपदकांनंतरही, ते दुसऱ्या एका गोऱ्या खेळाडूला देण्यात आले.

बर्लिनचे सहा दिवस

१९३६ चे ऑलिंपिक बर्लिनला भरणार होते. तिथे हिटलरचे राज्य होते. १९३५ च्या सप्टेंबरात न्यूरेंबर्गचे कायदे करून ज्यूंचे नागरिकत्व काढून घेण्यात आले होते. या स्पर्धेवर अमेरिकेने बहिष्कार घालावा अशी मागणी जोराने पुढे आली. जर्मनीत अल्पसंख्याकांवर अन्याय होत असेल तर आपण जाऊ नये, असे ओवेन्स यांनीही एकदा बोलून दाखवले होते. परंतु काळ्या समाजात दुसराही विचार होता. जर्मनीतील भेदाविरुद्ध बोलणारे आपल्याच दक्षिणेतील भेदाविषयी गप्प का, असा सवाल काळी वृत्तपत्रे विचारीत होती. अखेर क्रीडासंघटनेने थोड्या मतांनी जाण्याचा निर्णय घेतला. अमेरिकेच्या चमूत १८ कृष्णवर्णीय खेळाडू होते. त्यांत दोन स्त्रिया होत्या.

बर्लिन झाडूनपुसून सजवलेले होते. ज्यूंना मज्जाव करणाऱ्या पाट्या पाहुण्यांच्या डोळ्यांआड केल्या होत्या. शहरातील रोमा जमातीची माणसे खेळांपूर्वीच पकडून मार्झान येथील छावणीत नेऊन ठेवली होती. ग्रेटल बर्गमन ही ज्यू तरुणी उंच उडीत जर्मनीतील अव्वल खेळाडू असूनही तिला ऐनवेळी संघातून वगळले होते. अशा नगरीत एक लाखाच्या आसपास प्रेक्षकांसमोर ओवेन्स मैदानात उतरले.

३ ऑगस्ट : १०० मीटर, वेळ १०.३ सेकंद, सुवर्णपदक. दुसरा आला राल्फ मेटकाफ, तोही कृष्णवर्णीय अमेरिकन. ४ ऑगस्ट : लांब उडी. इथे जर्मनीच्या लुट्स लाँगशी चुरस झाली. पाचव्या फेरीत लाँगने ७.८७ मीटरची उडी मारून बरोबरी साधली. स्टेडियम दुमदुमले. ओवेन्स यांनी लगेच ७.९४ आणि शेवटी ८.०६ मीटर उडी मारून सामना संपवला. ५ ऑगस्ट : २०० मीटर, २०.७ सेकंद, तिसरे सुवर्ण. ९ ऑगस्ट : चार जणांची १०० मीटर रिले, ३९.८ सेकंद, नवा जागतिक उच्चांक, चौथे सुवर्ण. कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूंनी या स्पर्धेत एकूण १४ पदके मिळवली. आर्य वंशाच्या श्रेष्ठत्वाची पोथी तिच्या लेखकांच्याच अंगणात खोटी ठरली.

लुट्स लाँगची आठवण सांगितल्याशिवाय बर्लिनची हकीकत पुरी होत नाही. उंच, सोनेरी केसांचा हा जर्मन म्हणजे नाझींच्या चित्रातला आर्यच. पण हरल्यावर सर्वांत आधी तोच पुढे झाला, सर्वांदेखत त्याने ओवेन्स यांचे अभिनंदन केले व दोघे हातात हात घालून चालू लागले. हिटलर पाहत असताना हे करायला धैर्य लागते. पात्रता फेरीत ओवेन्स चुकत असताना लाँगने त्यांना सल्ला दिला, ही गोष्ट ओवेन्स स्वतः सभांतून रंगवून सांगत. अभ्यासकांना ती खरी वाटत नाही, आणि ती सजवलेली असल्याचे ओवेन्स यांनीही नंतर कबूल केले. परंतु सल्ल्याची गोष्ट काढून टाकली तरी ते अभिनंदन शिल्लक राहते. लाखभर माणसांनी ते पाहिले आहे. लाँग १९४३ साली सिसिलीच्या लढाईत मरण पावला. युद्धानंतर ओवेन्स यांनी त्याच्या मुलाशी स्नेह ठेवला.

आता एक कडू भागही सांगितला पाहिजे. रिले शर्यतीसाठी आधी ठरलेल्या चौघांत मार्टी ग्लिकमन व सॅम स्टोलर हे दोन ज्यू तरुण होते. शर्यतीच्या दिवशी सकाळी अमेरिकन प्रशिक्षकांनी दोघांनाही काढले व ओवेन्स आणि मेटकाफ यांना घेतले. माझी पदके झाली आहेत, या दोघांना धावू द्या, असा आशय ओवेन्स यांनी मांडला. पण सांगितले तेवढे करावे, अशी समज त्यांना मिळाली. जर्मनांनी वेगवान धावपटू लपवून ठेवले आहेत हे कारण पुढे केले होते. प्रत्यक्षात जर्मनी तिसरी आली, अमेरिकेच्या पुष्कळ मागे. दोन ज्यू खेळाडूंना न खेळवता परत पाठवण्याचे काम नाझींना करावे लागले नाही. ते अमेरिकन अधिकाऱ्यांनीच केले.

हस्तांदोलन कोणी केले नाही?

हिटलरच्या हस्तांदोलनाचे काय झाले तेही पाहू. २ ऑगस्ट रोजी हिटलरने काही जर्मन व फिनलंडच्या विजेत्यांना बोलावून त्यांचे अभिनंदन केले. उंच उडीत कॉर्नेलियस जॉन्सन हा काळा अमेरिकन जिंकला, त्याच्या पदकसमारंभापूर्वी तो निघून गेला. ऑलिंपिक समितीने त्याला बजावले की अभिनंदन करायचे तर सर्वांचे करा, नाही तर कोणाचेच नको. त्याने कोणाचेच न करणे पसंत केले. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ओवेन्स जिंकले तेव्हा ती पद्धतच बंद झाली होती. हिटलरच्या मनात वंशद्वेष ओतप्रोत होता यात शंका नाही. परंतु आपला अपमान हिटलरने केला नाही, तो आपल्याच देशाच्या अध्यक्षाने केला, असे ओवेन्स यांनी परत आल्यावर जाहीर सभेत सांगितले.

अध्यक्ष होते फ्रँकलिन रूझवेल्ट. ते निवडणुकीचे वर्ष होते आणि दक्षिणेतील गोऱ्यांची मते त्यांच्या पक्षाला हवी होती. चार सुवर्णपदके जिंकणाऱ्या नागरिकाला व्हाइट हाउसचे बोलावणे आले नाही, साधी तारही आली नाही. हिटलरने हात पुढे केला नाही म्हणून साऱ्या जगाने त्याला नावे ठेवली. रूझवेल्ट यांनी हात पुढे केला नाही, ते मात्र कोणाच्या लक्षात राहिले नाही.

न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून ओवेन्स यांची उघड्या मोटारीतून मिरवणूक निघाली. इमारतींच्या खिडक्यांतून कागदाच्या फितींचा वर्षाव झाला. मग वॉल्डॉर्फ अस्टोरिया या प्रसिद्ध हॉटेलात त्यांच्याच सत्काराचा समारंभ होता. तिथे पुढच्या दाराने काळ्या माणसाला प्रवेश नव्हता. सत्कारमूर्तीला मालाच्या लिफ्टने वर जावे लागले. लिफ्ट चालवून ज्याने आपले शिक्षण चालवले, त्याला विश्वविजेता झाल्यावर त्याच्या देशाने सामानासुमानाबरोबर वर चढवले. रस्त्यावर टाळ्या आणि इमारतीला मागचे दार, ही दोन्ही दृश्ये एकाच शहरातली आहेत.

बर्लिनच्या २०० मीटरमध्ये ओवेन्स यांच्या पाठोपाठ दुसरा आलेला मॅक रॉबिन्सन हाही काळा अमेरिकन. रौप्यपदक घेऊन तो कॅलिफोर्नियातील पासाडिना या आपल्या गावी आला. त्याला जे काम मिळाले ते रस्ते झाडण्याचे. ऑलिंपिकचा अंगरखा घालून तो झाडू मारी. त्याचा धाकटा भाऊ जॅकी रॉबिन्सन याने १९४७ साली बेसबॉलच्या बड्या संघांतील वर्णबंदी मोडली.

घोड्याशी शर्यत

ओवेन्स यांच्यापुढे आता पोटाचा प्रश्न होता. ऑलिंपिक संपताच क्रीडासंघटनेने खेळाडूंना युरोपभर प्रदर्शनीय स्पर्धांसाठी फिरवले. मिळणारा पैसा संघटनेचा, खेळाडूला काही नाही. थकलेल्या ओवेन्स यांनी स्वीडनला जायचे नाकारले व ते घरी परतले. संघटनेने त्यांना हौशी खेळातून कायमचे बाद केले. तेवीस वर्षांच्या वयात, ऐन भरात, जगातल्या सर्वांत वेगवान माणसाची शर्यत संपली. नाटक-सिनेमावाल्यांनी दिलेली आश्वासने बहुतेक हवेत विरली.

२६ डिसेंबर १९३६ रोजी क्यूबाच्या हवाना शहरात ते एका घोड्याशी धावले. घोड्यावर स्वार होता व ओवेन्स यांना ४० यार्डांची आघाडी दिली होती. ते जिंकले. त्यानंतर घोडे, मोटारी, मोटारसायकली यांच्याशी ते ठिकठिकाणी तिकीट लावून धावले. माणसाने जनावराशी धावावे हे हीनपणाचे आहे अशी टीका काही लोकांनी केली. परंतु सुवर्णपदके खाता येत नाहीत, घरात बायकामुले आहेत, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. टीका करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांना मानाची नोकरी देऊ केली होती?

त्यांनी वाद्यवृंद चालवून पाहिला, बास्केटबॉलचा संघ घेऊन हिंडून पाहिले. क्लीव्हलँडमध्ये कपडे धुण्याचा व्यवसाय काढला. तो बुडाला आणि १९३९ साली दिवाळे निघाले. अपुरे राहिलेले पदवीचे शिक्षण पुरे करावे म्हणून ते पुन्हा विद्यापीठात गेले, पण संसार व नोकरी सांभाळून अभ्यास जमला नाही आणि गुण कमी पडले. ज्या विद्यापीठाने त्यांच्या पायांवर कीर्ती मिळवली, तिथून ते पदवीशिवाय बाहेर पडले. महायुद्धाच्या काळात डेट्रॉइट येथील फोर्ड मोटार कारखान्यात काळ्या कामगारांसंबंधीचे कर्मचारी अधिकारी म्हणून त्यांनी काम केले. पुढे ते शिकागोला स्थायिक झाले. भाषणे व जाहिरात-प्रसिद्धीची कामे यांवर हळूहळू संसार सावरला.

देशाचा दूत

१९५० नंतर अमेरिकेला ओवेन्स यांची आठवण झाली. रशियाशी शीतयुद्ध सुरू होते. आशिया-आफ्रिकेतील नवस्वतंत्र देश अमेरिकेला वर्णभेदाविषयी प्रश्न विचारू लागले होते. त्यांना दाखवायला यशस्वी काळा माणूस हवा होता. १९५५ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सरकारने ओवेन्स यांना सदिच्छा दूत म्हणून भारत, मलाया व फिलिपाइन्सला पाठवले. आपल्या देशातील मुलांना त्यांनी धावण्याचे धडे दिले. त्याच वर्षी डिसेंबरात, त्यांच्या जन्मराज्यात, अलाबामातील माँटगोमेरी शहरात, बसमधली जागा गोऱ्या माणसासाठी सोडली नाही म्हणून रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या महिलेला अटक झाली. एकाच वर्षात एका काळ्या माणसाला देशाचा चेहरा म्हणून परदेशी पाठवले जाते आणि एका काळ्या स्त्रीला घरच्या बसमध्ये बसू दिले जात नाही, याला काय म्हणावे?

रोझा पार्क्स यांच्या अटकेनंतर माँटगोमेरीच्या काळ्या जनतेने वर्षभराहून अधिक काळ बसवर बहिष्कार टाकला आणि बसमधील भेद न्यायालयाकडून बेकायदा ठरवून घेतला. जे काम चार सुवर्णपदकांनी झाले नाही, ते संघटित झालेल्या सामान्य माणसांच्या पायी चालण्याने झाले.

ओवेन्स मात्र या चळवळीपासून बरेच दूर राहिले. कष्ट करा, संधी मिळेल, हा उपदेश ते आता स्वतःच सभांतून देऊ लागले होते. १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ व जॉन कार्लोस या काळ्या धावपटूंनी २०० मीटरच्या पदकसमारंभात, राष्ट्रगीत चालू असताना, काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. ही तीच शर्यत, जी ३२ वर्षांपूर्वी ओवेन्स यांनी जिंकली होती. काळ्या खेळाडूंची समजूत घालण्यासाठी अमेरिकन अधिकाऱ्यांनी ओवेन्स यांना पुढे केले. तरुणांनी त्यांचे ऐकले नाही. १९७० साली त्यांनी लिहिलेल्या पुस्तकात जहाल काळ्या तरुणांवर कठोर टीका होती. ते वाचून अनेक काळ्या वाचकांनी त्यांना दुखावलेल्या मनाने पत्रे लिहिली.

त्या पत्रांनी हा साठीकडे झुकलेला माणूस विचारात पडला. दोन वर्षांनी, १९७२ साली, त्यांनी दुसरे पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचाच अर्थ मी बदललो आहे असा होतो. काळ्या तरुणांचा राग अकारण नाही, लढाऊपणाला न्याय्य बाजू आहे, असे त्यांनी त्यात मान्य केले. माझ्या मते हा विजय बर्लिनच्या विजयांहून लहान नाही. कीर्ती मिळालेल्या माणसाला आपली चूक छापून कबूल करणे जड जाते. ओवेन्स यांचा दोष झाकायचे कारण नाही, पण ते ज्या दाबाखाली जगले तो विसरूनही चालणार नाही. मिळालेला थोडासा मान पुन्हा हिरावला जाईल ही भीती ज्याने भोगली आहे, तोच त्यांचे मौन समजू शकेल.

उशिराचा मान

१९७२ साली ओहायो स्टेट विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९७६ साली अध्यक्ष फोर्ड यांनी त्यांना स्वातंत्र्यपदक हा नागरी सन्मान दिला. बर्लिनला तेव्हा ४० वर्षे झाली होती. ३१ मार्च १९८० रोजी ॲरिझोना राज्यातील टूसान येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने ओवेन्स यांचे निधन झाले. ते ६६ वर्षांचे होते. शिकागोच्या ओक वुड्स दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली.

१९८४ साली बर्लिनमध्ये ऑलिंपिक स्टेडियमजवळच्या एका रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले. १९९६ साली त्यांच्या जन्मगावी ओकव्हिल येथे स्मारक उद्यान उभे राहिले. आणि २०१६ साली, कृष्णवर्णीय अध्यक्ष बराक ओबामा यांनी १९३६ च्या त्या १८ काळ्या खेळाडूंच्या वारसांना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. हे बोलावणे ८० वर्षे उशिरा आले. ज्यांच्यासाठी ते होते त्यांपैकी कोणीही ते स्वीकारायला हयात नव्हते.

वाचक बंधुभगिनींनो, या चरित्रावरून कष्ट व्यर्थ आहेत असा अर्थ कोणी काढू नये. पहाटे उठून रायली गुरुजींबरोबर धावणारा तो मुलगा आपल्या प्रत्येक घरात असावा. परंतु गुण सिद्ध केल्यावरच माणूस म्हणून मान मिळेल, ही अटच मुळात अन्यायाची आहे. जो जगात पहिला येतो त्यालाच पुढच्या दाराने जाता येईल म्हटले, तर दुसऱ्याने, दहाव्याने आणि मुळीच धावू न शकणाऱ्याने कोणत्या दाराने जावे? आणि ओवेन्स तर पहिले येऊनही मागच्याच दाराने गेले. माणुसकीचा हक्क हा बक्षीस म्हणून मिळवायचा नसतो. तो जन्मानेच प्रत्येकाचा असतो.

म्हणून मुलांना जेसी ओवेन्स यांची गोष्ट जरूर सांगा. चार सुवर्णपदके सांगा, लुट्स लाँगचा हात सांगा. पण तिथे थांबू नका. मालाची लिफ्ट सांगा, हवानाचा घोडा सांगा, माँटगोमेरीची बस सांगा, आणि साठीच्या उंबरठ्यावर आपले मत बदलण्याचे त्यांचे धैर्यही सांगा. गोष्ट पुरी सांगितली, तर टाळ्या व समता यांतला फरक मुलांना कळेल. तो कळलेले मूल मैदानात जोराने धावेलच, पण मागच्या दाराने आत जायला ते कबूल होणार नाही.